रेघ एकच, थर अनेक

क्रॉयडनमध्ये राहतो म्हटले की लंडनकर मंडळी जरा सहानुभूतीने बघतात. "हो का? ट्रॅम आहे ना तुमच्याकडे?" एवढेच काय ते त्यांना आमच्या गावाबद्दल ठाऊक असते. आम्हाला मात्र हे गाव मनापासून आवडते, आणि त्याचे कारण जमिनीच्या वर नसून खाली आहे. पर्ली, कूल्सडनकडे दक्षिणेला निघालात तर पांढऱ्या चॉकच्या टेकड्या लागतात. उत्तरेला नॉरवुडच्या बाजूला गेलात तर पायाखाली ती प्रसिद्ध लंडन क्ले, म्हणजे चिकणमाती. अधेमधे थॅनेट सँडची वाळू. हे सगळे थर उत्तरेकडे कलत एकाखाली एक निजलेले आहेत. ईस्ट क्रॉयडन स्टेशनाजवळ गेल्या काही वर्षांत उंच इमारती उठल्या, त्यांतली एक तर ४४ मजली. येणारे-जाणारे माना वर करून त्या बघतात. आम्ही मात्र खाली बघतो, कारण वरचे सगळे वजन अखेर या थरांनाच पेलायचे आहे. आमचे पोटही याच थरांवर चालते.

मंडळाच्या दिवाळीला हमखास कुणीतरी विचारते, "तुम्ही नक्की करता काय हो?" डॉक्टरला हा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्ही "सिव्हिल इंजिनिअर" म्हणून मोकळे होतो. मग पुढचा प्रश्न येतो, "कुठला पूल बांधलात?" एकही नाही. आम्ही बांधत काहीच नाही. जमीन, धरण, बोगदा, पाया यांचे संगणकात लहान लहान तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यावर किती जोर येतो याचा हिशेब मांडतो. या तुकड्यांच्या रचनेला मेश म्हणतात; आपण सरळ 'जाळी' म्हणू. त्या जाळीतला एक छोटासा, पण फार महत्त्वाचा प्रश्न आज वाचकांपुढे ठेवायचा आहे. नवऱ्याचे ऑफिसचे काम एवढे रंजक असेल असे आमच्या सौ.ला अजूनही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

जाळी म्हणजे ठिपक्यांची रांगोळी समजा. आधी ठिपके, मग ठिपके जोडणाऱ्या रेघा, मग रेघांमधले त्रिकोण. आमच्याकडे याच्या पुढे आणखी एक पायरी असते. त्रिकोणांनी वेढलेली जी जागा, ती चार तोंडांच्या ठोकळ्यांनी, म्हणजे चतुष्फलकांनी, भरायची. दोन थर एकमेकांना लागून असतील तर त्यांच्या मधल्या पृष्ठावरचे त्रिकोण दोघांना सामाईक हवेत. वरच्या थराचे ठिपके एकीकडे आणि खालच्याचे दुसरीकडे, असे चालत नाही. तसे झाले तर वरचे ओझे खाली पोचतच नाही. हिशेबाच्या दृष्टीने तिथे फट असते.

आता यात एक रेघ घाला. रेघ म्हणजे काहीही असू शकते: पाइल, पोलादी तारेचा जुडगा, विहिरीचा पाइप, खडकात ठोकलेला बोल्ट. शेकडो मीटरच्या खडकापुढे वीतभर रुंदीचा पाइप म्हणजे रेघच की! अशा वेळी पाइपला जाडी देत बसत नाहीत. संगणकाला सांगतात, "या घनाच्या आत ही रेघ आहे, जाळी विणताना तिचा मान ठेव." मान ठेव म्हणजे काय, तर चतुष्फलकांच्या कडा बरोबर या रेघेवरून गेल्या पाहिजेत आणि रेघेवरचा प्रत्येक ठिपका जाळीचाही ठिपका असला पाहिजे. एकाच थरात रेघ असेल तर हे निभते. रेघ एका थरातून शेजारच्या थरात गेली की गंमत सुरू होते.

याचे उत्तम उदाहरण आमच्या गावाजवळ आहे. आम्ही मूळचे पाटण तालुक्यातले, कोयनेच्या खोऱ्यातले. कोयनेचा जलाशय भरू लागला तसे या भागात भूकंप होऊ लागले, आणि जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचे उदाहरण म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेचे नाव घेतात. हे भूकंप जिथे जन्मतात तिथपर्यंत उतरून बघावे म्हणून भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने खोल छिद्रे घेण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी कराडला प्रयोगशाळा उभी राहिली, आणि २०१७ साली गोठणे या गावी सुमारे तीन किलोमीटर खोल पहिले छिद्र पुरे झाले. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर आपला काळा कातळ, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट. त्याच्या खाली त्याहून कितीतरी पट जुना ग्रॅनाइट. दोन शेजारी घन आणि त्यांतून आरपार गेलेली एक रेघ. आमच्या विषयाचे याहून सोपे चित्र पुस्तकातही सापडणार नाही.

एका वीकएंडला आम्ही घरच्या लॅपटॉपवर हेच चित्र उभे केले. बेल्जियममधल्या दोन प्राध्यापकांनी १९९० च्या दशकात सुरू केलेले 'जीमेश' नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्यात. वर एक ठोकळा, खाली एक ठोकळा, मधून तीन किलोमीटरची सरळ रेघ. नवख्या माणसाच्या मनात पहिल्यांदा येते ते असे: संगणकाला सांगून टाकावे की ही रेघ वरच्या घनातही आहे आणि खालच्या घनातही आहे. बोलायला हे बरोबर वाटते. पण संगणक एका वेळी एकच घन भरायला घेतो. वरचा घन भरताना तो बघतो तर निम्म्याहून अधिक रेघ घनाच्या बाहेर! खालचा भरताना वरचा तुकडा बाहेर. शिवाय मधल्या पृष्ठावरचे त्रिकोण याच्या आधीच आखून झालेले असतात, आणि रेघ जिथे ते पृष्ठ भेदते तिथे ठिपका असतोच असे नाही. ती एखाद्या त्रिकोणाच्या पोटातून जाते. कधी सॉफ्टवेअर तक्रार करून थांबते, आणि ते परवडले. न थांबता पुढे गेले तर मात्र कठीण. चित्र सुंदर येते, रंगीत येते आणि चुकीचे येते.

बरोबर रीत अशी. आधी रेघ आणि मधले पृष्ठ कुठे भेटतात तो बिंदू काढायचा. त्या बिंदूपाशी रेघेचे दोन तुकडे करायचे. मग तो बिंदू मधल्या पृष्ठात रोवायचा, आणि हे त्रिकोण आखण्यापूर्वी करायचे. म्हणजे त्रिकोण आखताना तो ठिपका आपोआप घेतला जाईल. त्यानंतर वरचा तुकडा वरच्या घनात आणि खालचा तुकडा खालच्या घनात बसवायचा. दोन्ही तुकड्यांचे ते टोक एकच हवे, सारखे दिसणारे दोन बिंदू नकोत. छिद्राचे तोंड जमिनीच्या पृष्ठावर आहे, तेव्हा तिथेही बिंदू पृष्ठात रोवायचा. रेघ मधल्या पृष्ठातूनच सरपटत गेली असेल तर ती घनात न बसवता पृष्ठात बसवायची. दहा थर असतील तर दहा वेळा हेच. हाताने कंटाळा येतो, म्हणून सगळ्या आकारांना एकमेकांनी छेदून सामाईक तुकडे पाडणारी आज्ञा अशा सॉफ्टवेअरमध्ये असते. ती दिली की हे बिंदू, तुकडे वगैरे एका दमात होतात. तरी झाल्यावर डोळ्यांनी तपासावे, कारण संगणकाचे अंक कुठेतरी संपतात. बिंदू पृष्ठापासून केसभर दूर राहिला तर तिथे सुरीच्या पात्यासारखे चपटे चतुष्फलक तयार होतात आणि सगळा हिशेब बिघडवतात.

सौ. पलीकडे शिवणयंत्रावर होती. एवढे व्याख्यान ऐकून म्हणाली, "म्हणजे चौकटीच्या कापडासारखंच की! दोन तुकड्यांवरची रेघ शिवणीवर जुळली नाही तर आपण कपडा शिंप्याला परत देतो." आम्ही वीस वर्षे जे सांगू पाहत होतो ते तिने दोन वाक्यांत संपवले.

फक्त कापड सपाट असते आणि आमचे घन नसतात, एवढा फरक आहे. कागदावर कुठलाही बहुभुज काढा, त्याच्या कोपऱ्यांच्या ठिपक्यांवरच त्याचे त्रिकोण पाडता येतात, नवा ठिपका लागत नाही. तीन मितींत हे खरे नाही. एरिख शोनहार्ट नावाच्या जर्मन गणितज्ञाने १९२८ साली एक आकार दाखवून दिला. त्रिकोणी डब्याचे झाकण थोडे पिळले की बाजूच्या भिंती आत मुडपतात. त्या आकाराला सहाच कोपरे, पण त्या सहा कोपऱ्यांवर त्याचे चतुष्फलक पाडताच येत नाहीत. आत एखादा जास्तीचा ठिपका घ्यावाच लागतो. दुसरी अडचण अशी की जाळी विणण्याची जी सगळ्यांत आवडती रीत आहे, रशियन गणितज्ञ बोरिस डेलोने यांनी १९३४ साली मांडलेली, ती ठिपके बघते, रेघ बघत नाही. कुठल्याही चतुष्फलकाभोवती गोल काढला तर त्या गोलाच्या आत दुसरा ठिपका नसावा, एवढाच तिचा नियम. त्या नियमात आपली रेघ बसली तर ठीक, नाही तर ती जाळीतून गळते. मग शेजारचे चतुष्फलक उलटेपालटे करून किंवा रेघेवर नवे ठिपके टाकून ती परत मिळवावी लागते. दुसरा एक मार्ग आहे, रेघ आणि जाळी वेगळ्याच ठेवायच्या आणि रेघेच्या ठिपक्यांना आजूबाजूच्या ठिपक्यांशी गणिताने बांधायचे. काँक्रीटमधल्या शेकडो सळयांसाठी तो सोयीचा पडतो. पण एकच रेघ महत्त्वाची असेल आणि तिच्या लगत काय घडते तेच बघायचे असेल, तर कडा रेघेवर आणण्याचा त्रास घ्यावा, असे आमचे मत आहे.

ही सगळी विद्या आम्ही शिकलो ती वेल्समध्ये, स्वान्सीला, एम.एससी.च्या वर्षात. तिथल्या विभागाचा लौकिक ज्यांनी जगभर नेला ते प्राध्यापक ओल्गिएर्ड झिएन्कीविच. वडील पोलिश, आई इंग्लिश, बालपण पोलंडात गेले, युद्धामुळे इंग्लंडला परतले. त्यांचा जन्म १९२१ साली केटरहॅमचा, म्हणजे आमच्या क्रॉयडनहून दक्षिणेला जेमतेम काही मैलांवर! हे कळले तेव्हा शेजारीच नाते निघाल्यासारखा आम्हाला आनंद झाला होता. तुकडे पाडून हिशेब करण्याच्या या पद्धतीवरचे त्यांचे पुस्तक १९६७ साली निघाले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा मोठा भूकंप झाला.

तेव्हा आमचे वडील, अण्णा, दहा वर्षांचे होते. आजोबांनी झोपलेली पोरे ओढून अंगणात आणली आणि मागे पडवीची भिंत बसली, ही कथा आम्ही लहानपणी शंभरदा ऐकली आहे. कोयनानगरची घरे पडली, सुमारे १८० माणसे गेली. धरण १०३ मीटर उंच. ते उभे राहिले, पण त्याला आडवे तडे गेले, आणि ते बहुतेक जिथे खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या पातळीला. आराखडा करताना भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के धरला होता. प्रत्यक्षात धरणातल्या यंत्राने त्याच्या कितीतरी पट नोंदवला. पुढे तडे इपॉक्सीने भरले, माथ्यापासून खाली पोलादी तारा ताणून बसवल्या आणि मागच्या अंगाला काँक्रीटचे टेकू दिले. त्या तारा म्हणजे आमच्या भाषेत पुन्हा एकदा रेघच: तड्याच्या वरच्या भागातून खालच्या भागात गेलेली. १९७३ साली अमेरिकेत अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी या धरणाची जाळी करून तडे तिथेच का पडले ते दाखवले. आज 'आबाकस'सारख्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या उदाहरणांत कोयनेचे धरण आहे. जगभरची मुले आमच्या गावच्या धरणावर हात बसवतात.

आता मुद्द्याचे. अण्णा अजून त्याच घरात राहतात. आई गेल्यापासून एकटे. घर जुने, दगडमातीचे, कौलारू. अधूनमधून जमीन हलते, भांडी वाजतात, अण्णा कूस बदलून झोपतात. पुण्याच्या दादाचे म्हणणे घर विकावे आणि अण्णांनी त्याच्याकडे यावे. अण्णांचे म्हणणे, "माझं काय वाईट चाललंय हितं?" आणि दोघांचे भांडण मिटवायला दादाने शेवटी आम्हाला फोन केला. "अरे, तू याच विषयात एवढा शिकलास ना? मग घराचं मॉडेल कर आणि सांग, राहील की पडेल. तू सांगितलंस तर अण्णा ऐकतील."

वाचकहो, हा प्रश्न आम्हाला कुठल्याही परीक्षेत आला नव्हता. जाळी आम्ही एका संध्याकाळी विणू शकलो असतो. पण त्या भिंतीत मातीचा गारा किती वर्षांचा आहे, आत पोकळी कुठे आहे, दगड एकमेकांत किती गुंतले आहेत, हे कोण सांगणार? ते आकडे मनाने भरून रंगीत चित्र पाठवले असते तर दादाने ते अण्णांपुढे पुराव्यासारखे ठेवले असते. एका माणसाला त्याच्या घरातून उठवण्यासाठी आम्ही असे चित्र काढणार नव्हतो, आणि "राहील हो" असे सांगून त्याला तिथे ठेवायलाही आमचा हात धजत नव्हता. आम्ही अण्णांना फोन केला आणि खरे ते सांगितले: "अण्णा, इथून हिशेबानं नक्की सांगता येणार नाही." अण्णा हसले. "आरं, धरानवाल्यांनीबी हिशेब केलाच हुता की!"

पण हिशेब होत नाही म्हणजे काहीच करता येत नाही, असे नाही. दगडी घर भूकंपात का पडते हे महाराष्ट्राला ठाऊक आहे, फार मोठी किंमत देऊन ठाऊक झाले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली ती बहुतांशी स्वतःच्या घराच्या भिंतींखाली. जाड दगडी भिंत बाहेरून एक दिसते, पण बऱ्याचदा ती दोन भिंती असतात: बाहेरचा पापुद्रा, आतला पापुद्रा आणि मधे माती-खडे. जमीन हलली की दोघे सुटे होतात, मधला भराव त्यांना ढकलतो आणि भिंत फुगून कोसळते. यावर उपाय जुन्या गवंड्यांनाही ठाऊक होता. ठरावीक अंतराने भिंतीच्या पूर्ण जाडीइतका लांब दगड आरपार घालायचा. उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत फार तर १.२ मीटरवर एक, असा नियम सांगतात. बांधून झालेल्या भिंतीत दगड घालता येत नाही, तर आरपार छिद्र पाडून त्यात दोन्ही टोके वळवलेली सळई ठेवतात आणि काँक्रीट भरतात. आणि दारांच्या वर, सगळ्या भिंतींवरून फिरणारा एक पट्टा देतात, तारेच्या जाळीचा आणि सिमेंटचा.

दादाने कराडचा एक स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठला. त्याने दोन तास घर ठोकून-वाजवून पाहिले आणि हेच सुचवले, वर कौलांखालच्या वाशांना तिरपे बांध. खर्च तिघा भावंडांनी वाटून घेतला, आणि घर विकण्याच्या गोष्टी तूर्त थांबल्या. काम चालू असताना दादा व्हिडिओ कॉलवर दाखवत होता. पट्टा झकास दिसत होता. आम्ही म्हटले, "दादा, जरा कोपऱ्यात ने कॅमेरा." कोपऱ्यात बघतो तर एका भिंतीचा पट्टा वीतभर आधी संपलेला, दुसरीचा वीतभर पुढे सुरू झालेला. नकाशात जाळी वळवून दाखवली होती, पण गवंड्याला अडचणीच्या जागी ती तोडणे सोपे वाटले. प्लास्टर झाल्यावर हे कुणालाच दिसले नसते. दोन शेजारी घन, एक रेघ, आणि सांध्यावर बिंदू सामाईक नाही! इंजिनिअरला बोलावून चारही कोपरे परत करून घेतले. जाळी कोपऱ्यावरून अखंड वळवली आणि पुढच्या भिंतीवर चांगली हातभर नेऊन बांधली. गवंडी कुरकुरला. अण्णा मात्र काठीने कोपरा ठोकून म्हणाले, "आता भित्ती एकमेकींचा हात धरून हाईत." घर पडणारच नाही अशी हमी यात नाही, हे अण्णांनाही माहीत आहे आणि आम्हालाही. पडायला वेळ लागेल, माणसाला बाहेर पडता येईल, एवढे मागणे आहे.

आपल्यापैकी कितीतरी जणांचे गावाकडे असे घर आहे. आईवडील तिथे आहेत, किंवा घर बंद आहे आणि सुट्टीत आपण मुलांना घेऊन जातो. आपण इथून पैसे पाठवतो, आणि ते बहुधा फरशी, रंग आणि गीझरवर जातात, कारण ते दिसतात. आमची विनंती एवढीच, की या वेळी गेलात तर जाणत्या इंजिनिअरला घेऊन भिंतीला हात लावून बघा. आरपार दगड आहेत का, दारांवरून पट्टा फिरतो का, आणि फिरत असेल तर कोपऱ्यात तो तुटतो का, हे त्याला विचारा. काम काढलेत तर प्लास्टर होण्याआधी चारही कोपऱ्यांचे फोटो मागवून घ्या.